बिनतुळईचा मजला

मिनियापोलिस, ३ ऑक्टोबर १९११, मंगळवार

आज गोदामाच्या दुसऱ्या मजल्याखालचे टेकू काढले. सकाळपासून फळ्या धडाधड पडत होत्या. शेवटचा टेकू निघाला तेव्हा सगळी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मी छताकडे. छत जागचं हललं नाही. मग मी खिशातून हात बाहेर काढले. मुठी वळल्या होत्या हे तेव्हा कळलं.

वर बघावं तर एकही तुळई नाही, सगळं सपाट. खांब तेवढे वर जाता जाता फुलत जातात आणि त्या फुललेल्या डोक्यांवर मजला टेकलेला. आत सळया चार दिशांनी एका खांबावरून दुसऱ्यावर गेल्या आहेत, त्या आता कोणाला दिसायच्या नाहीत. आमचा मुकादम नील्स ट्वेट म्हणाला, "सिव्हर्ट, कुत्र्याच्या छत्र्यांचं रान उगवलंय रे तुझं." माणसं हसली. मला मात्र ते रान फार देखणं वाटलं.

दुपारी क्विनलन आला. हा शहराचा बांधकाम तपासनीस, आयरिश, मूळचा सुतार. दारातूनच म्हणाला, "प्रोफेसर, तुळया कुठं गेल्या? चोरीला?"

"लागत नाहीत, मिस्टर क्विनलन."

"माझ्या काकालाही दात लागत नव्हते. सूप पिऊन जगला. पण कोणी त्याच्या डोक्यावर सहा मजले चढवले नाहीत."

मग नेहमीसारखा भिंतीला चिकटून सगळं गोदाम फिरला. मधून चालत येईल तर शपथ. कोपऱ्याकोपऱ्यांत डोकावून माझी चूक शोधत असतो. शोधू दे.

७ ऑक्टोबर, शनिवार

ऑर्म्सबीसाहेबांनी बोलावलं होतं. मळणीयंत्रांचे घाऊक व्यापारी, गोदाम त्यांचं. वसंतात यंत्रं भरलेले रेल्वेचे डबे थेट दाराशी लागणार, तोवर सहाही मजले तयार हवेत. त्यांनी सरळच सांगितलं. दुसऱ्या मजल्याने भाराची परीक्षा दिली आणि क्विनलनची सही झाली तर वरचे चार मजले माझ्या पद्धतीने. नाही तर ते काम दुसऱ्याकडे, तुळया घालून.

म्हणजे माझं दुकान बंद. पुलांच्या कंपनीतली नोकरी सोडून मी दारावर 'सिव्हर्ट ब्रेक्के, काँक्रीटचे मजले' अशी पाटी लावली, त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. दुसरं काम हातात नाही. हे पास झालं तर बरीच येतील.

सिग्नेला सांगितलं. ती लोकर गुंडाळत होती. म्हणाली, "मग पास होऊ दे."

बायकोला सगळं सोपं दिसतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

क्विनलनची अट आली. मजला ज्या भारासाठी बांधला त्याच्या दुप्पट भार एका गाळ्यावर, म्हणजे चार खांबांमधल्या एका चौकोनावर, ठेवायचा. शंभर टन होतात. एक रात्र ठेवायचा. मधोमध मजला किती खाली येतो ते मोजायचं. चार सुतांपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा, जास्त आला तर नापास. माझ्या हिशेबाने तीन सूत यायला हवा. हा हिशेब मी तीन वेगळ्या रीतींनी केला आहे, आणि खरं सांगायचं तर तिन्हींची उत्तरं थोडी थोडी वेगळी आली. बिनतुळईच्या मजल्याचं गणित अजून कोणालाच नीट बसवता आलेलं नाही. प्रत्येकाची आपापली रीत. मी मधलं उत्तर धरलं.

हे ऑर्म्सबीसाहेबांना सांगितलेलं नाही. क्विनलनला तर नाहीच.

नील्सपाशी कुरकुर केली, की हा माणूस माझ्याच मागे का लागलाय? नील्स म्हणाला, "तुला ठाऊक नाही? त्याचा थोरला भाऊ गवंडी होता. नदीपलीकडे एका गोदामाचा मजला बसला, त्यात गेला. खालच्या मजल्यावर जेवायला बसला होता. क्विनलन तेव्हापासून हे काम करतो. वहिनीही त्याच्याकडेच असते."

वाईट झालं. पण तो मजला तुळयांचा होता, आणि बांधणाऱ्याने सळया चोरल्या होत्या. त्याचा राग माझ्यावर का?

२३ ऑक्टोबर, सोमवार

पोती भरणं चालू आहे. नदीची वाळू, शंभर शंभर पौंडांची पोती. नील्सने रचण्यासाठी पिठाच्या गिरणीतली चार माणसं आणली आहेत, सगळी आमच्याकडची, नॉर्वेतल्या फ्योर्डाकाठची. काय रचतात! वरचं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर, प्रत्येक थर आधीच्याला आडवा, कडा सुतात. पोत्यावर हात मारून बसवतात, आई पाळण्यात पोराला थोपटते तसं. अजून अर्धंच झालं आहे आणि दगडी भिंत बांधल्यासारखं दिसतं.

"पिठाची थप्पी एकदा ढासळली," नील्स सांगत होता, "की गिरणीत त्या माणसाचं नाव निघत नाही. त्याला सगळे 'ढासळ्या'च म्हणतात, त्याच्या पोरांनासुद्धा."

मी त्यांना कॉफी पाजली. चांगलं काम बघितलं की मला बरं वाटतं.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

पास! पास म्हणजे कसा!

काल दुपारी शेवटचं पोतं चढलं. क्विनलनने खाली गाळ्याभोवती स्वतः दोर बांधला, आत कोणी जायचं नाही म्हणून. छताच्या पोटाला मधोमध पट्टी लटकवली होती, ती शेजारच्या गाळ्यातून दुर्बिणीने वाचायची. आज सकाळी वाचली. एक सूतही नाही! जेमतेम पाऊण. मी डोळा पुसून पुन्हा वाचली. मग क्विनलनने वाचली, मग ऑर्म्सबीसाहेबांनी वाचली. त्यांना पट्टीऐवजी खांबच दिसत होता, पण ते "वा, वा" म्हणाले आणि मला सिगार दिला.

तीन सूत म्हणालो होतो, पाऊण सूत आलं. माझा मजला माझ्या गणितापेक्षा चौपट ताकदीचा निघाला. ऑर्म्सबीसाहेब म्हणाले, "ब्रेक्के, तुम्ही फार भिडस्त आहात. आता जाहिरातीत हेच छापा."

क्विनलनने मात्र वर जाऊन त्या थप्पीभोवती दोन फेऱ्या मारल्या, अर्थात भिंतीकडेकडेनेच. म्हणाला, "सुंदर रचलीत." मग मला म्हणाला, "तुम्ही तीन सांगितलं होतं ना, प्रोफेसर?"

"हो. कमी आलं, चांगलंच आहे की."

"माझ्या दुकानी कोणी तीन फूट लाकूड मागून पाऊण फूट नेलं, तर मला चांगलं वाटत नसे. वाटे, एक तर गिऱ्हाइकाला मोजता येत नाही, नाही तर मला."

सही करा म्हटलं तर पेन झटकून दाखवलं. शाई संपली. पुढच्या आठवड्यात करतो म्हणे. मी माझं पेन पुढे केलं, तर त्याला ते जाड वाटलं. नुसता अडेलतट्टूपणा! दुसऱ्याचं चांगलं झालेलं काही लोकांना बघवत नाही.

असो. घरी सिग्नेने रव्याची लापशी केली, वर लोणी आणि दालचिनी. सणासारखं जेवलो.

२९ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं जागेवर येईल.

चर्चहून आल्यावर सिग्नेने चुलीसाठी बर्चची लाकडं मागितली. वाळलेलं लाकूड आमच्या ढिगाच्या खालच्या थरांत आहे. ढीग मीच रचला आहे, शेजारी थांबून बघतात असा. वरचं सगळं उतरवायचा कंटाळा म्हणून मधूनच ओंडके ओढले. एक, दोन, मग पाच-सहा. चांगलं मोठं भोक पडलं. वरचा ढीग होता तिथेच.

सिग्ने मागच्या दारातून ओरडली, "अरे, मांजर बघ, त्या भोकात जाऊन बसलंय! दबून मरेल ते!"

"नाही दबणार," मी म्हणालो. "वरचा भार त्याच्या अंगावर येतच नाही. तो दोन्ही बाजूंना जातोय."

आणि हातातली लाकडं तशीच धरून उभा राहिलो.

सांध्यावर ओंडका. सांध्यावर पोतं. नील्सच्या माणसांनी शंभर टन वाळूची कमान बांधली होती. मधल्या पोत्यांचा भार शेजारच्यांवर, त्यांचा त्यांच्या शेजारच्यांवर, असं करत करत बराचसा सरळ खांबांवर उतरला. मजल्याच्या पोटाला त्यातलं किती लागलं, देव जाणे. चौथा हिस्सा? मजल्याची परीक्षा झालीच नाही. त्या पोत्यांची झाली, आणि ती पहिल्या वर्गात पास झाली.

मी स्वतः कॉफी पाजली त्यांना.

सिग्नेने लाकडं माझ्या हातातून काढून घेतली. मांजर अजून आतच आहे.

३० ऑक्टोबर, सोमवार

काल संध्याकाळपासून मनाशी वाद घालतो आहे. हे कोणाला माहीत नाही. मजला बहुधा चांगलाच आहे, हिशेब मी प्रामाणिकपणे केला आहे. न सांगितलं तर बहुधा काहीही होणार नाही. बहुधा. आज हा शब्द मी इतक्या वेळा वापरला की त्याचा वीट आला.

सांगितलं तर परीक्षा पुन्हा. आणि तिन्ही उत्तरांतलं मोठं उत्तर खरं निघालं तर चार सुतांच्या वर जाईल. मग पाटी उतरवायची आणि टोपी हातात घेऊन पुलांच्या कंपनीत परत जायचं.

जेवताना सिग्नेला सगळं सांगितलं. मीठदाणी, चमचे मांडून कमान कशी होते ते दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि चमचे परत जागेवर ठेवले. "तू नाही सांगितलंस," ती म्हणाली, "तर आता जन्मभर मी लाकडं आणायला सांगितली की तुझं तोंड असं होणार. मला ते बघवणार नाही. जाऊन सांगून ये."

"आणि नापास झालो तर?"

"पुलांच्या कंपनीत डबा घेऊन जात होतास. तो डबा अजून आहे."

३१ ऑक्टोबर, मंगळवार

आधी ऑर्म्सबीसाहेब. त्यांना समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर चिडायला अजिबात नाही. "पास झालेल्या पोराला पुन्हा परीक्षेला बसवणारा मास्तर मी पहिल्यांदा बघतोय! आहे ते चांगलं चाललंय, तुम्हाला काय उकरायचंय?"

"साहेब, मजल्यावर तुमची मळणीयंत्रं उभी राहणार. ती एकमेकांच्या सांध्यावर रचता येत नाहीत. प्रत्येक चाक सरळ खाली दाबणार."

ते खिडकीशी गेले. "दहा दिवस देतो. अकरावा नाही," म्हणाले. "आणि सिगार परत मागत नाही, हे उपकार समजा."

मग क्विनलन. पालिकेत त्याच्या खोलीत कागदांच्या ढिगामागे सफरचंद सोलत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, लाकडांचं, मांजराचं, कमानीचं. हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. सफरचंदाची फोड माझ्यापुढे केली.

"बरं झालं, मी शाई विकत आणली नाही," म्हणाला.

अजून आणलीच नव्हती! सरकारी माणसाचा आळस म्हणजे काय असतो बघा. या वेळी तो माझ्या पथ्यावर पडला, इतकंच.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

पोती उतरवून पुन्हा रचणं चालू. या वेळी सुट्या सुट्या लहान थप्प्या, दोन थप्प्यांमध्ये हात जाईल एवढी फट, म्हणजे कोणी कोणाला टेकायचं नाही. नील्सला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघवेना.

"फटी ठेवायच्या? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"सिव्हर्ट, माझा बाप रचायचा, त्याचा बाप रचायचा. आमच्या घराण्यात फट कोणी ठेवली नाही. गिरणीतलं कोणी आलं आणि बघितलं तर मी तोंड कुठं लपवू?"

"मी सांगेन, माझी आज्ञा होती."

"तू काय सांगणार? तुला ते प्रोफेसर म्हणतात. तुझं काय जातंय!"

शेवटी तडजोड झाली. प्रत्येक थप्पीच्या आत त्याने त्याच्या रीतीने सांध्यावर पोतं ठेवावं, दोन थप्प्यांमध्ये मात्र माझी फट. तो खाली गेला आणि गोदामाच्या दारावर गोणपाट ठोकून आला, बाहेरून कोणाला दिसू नये म्हणून.

६ नोव्हेंबर, सोमवार

थंडी वाढली. वाळू ओली आहे. गोठली तर पोती दगड होतील आणि थप्प्या फटींतून एकमेकींना धरतील. म्हणून खालची कोळशाची शेगडी वर नेली, बाजूंनी ताडपत्र्या लावल्या. वर ऊब, खाली काकडायला होतं. क्विनलन येऊन फटींत हात घालून घालून गेला.

सिग्ने म्हणते, तू झोपेत आकडे पुटपुटतोस. कुठले, विचारलं, तर म्हणाली, "तीन. नुसतं तीन, तीन."

९ नोव्हेंबर, गुरुवार

काल शेवटचं पोतं चढलं. क्विनलनने खाली पुन्हा दोर बांधला, पट्टी लटकवली.

आज सकाळी दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी मी चष्मा दोनदा पुसला. ऑर्म्सबीसाहेब कोटाची कॉलर वर करून मागे उभे होते. या वेळी त्यांनी मला आधी बघू दिलं.

तीन सूत. त्यातूनही केसभर कमी.

दोन आठवड्यांपूर्वी पाऊण सूत वाचून मी उड्या मारल्या होत्या, आणि आज त्याच्या चौपट वाचून असं वाटलं, की एवढं सुख मला कधी झालं नाही. तेव्हा मजला मला न विचारता काहीतरी भलतंच बोलला होता. आज मी विचारलं तेवढंच बोलला. मी बसल्या जागी, कागदावर, एका खोलीत ठरवलं होतं की शंभर टनांखाली हा एवढा वाकेल, आणि तो एवढाच वाकला.

ऑर्म्सबीसाहेब म्हणाले, "म्हणजे आता मागच्यापेक्षा वाईट, आणि तरी तुम्ही खूश?" मी मान हलवली. "तुम्हा लोकांचं मला कळत नाही," म्हणाले, पण माझा हात बराच वेळ धरून हलवत राहिले. वरच्या चार मजल्यांचं काम माझं. त्यांची गाडी गेली.

क्विनलनने पट्टी वाचली, पुन्हा वाचली. खिशातून पेन काढून खोक्यावर कागद ठेवून सही केली. शाई भरपूर होती. मग त्याने ते खोकं उचललं, दुसऱ्या हातात डबा घेतला, आणि दोर वर करून वाकून आत गेला. भिंतीकडेने नाही. सरळ मधोमध.

"मिस्टर क्विनलन," मी म्हणालो, "दोर तुम्हीच बांधलाय. वर भार तसाच आहे."

"माझा दोर आहे. मी ओलांडीन."

खोकं बरोबर पट्टीच्या खाली ठेवलं आणि त्यावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ वर बघत होता. मला वाटलं भेगा शोधतोय. म्हटलं, शोधा, नाहीत. मग डबा उघडला आणि खायला लागला, सावकाश, घरी बसल्यासारखा.

"या, प्रोफेसर," म्हणाला. "मनुकांचा पाव आहे. वहिनीने केलाय."

मी गेलो. दुसरं खोकं नव्हतं म्हणून वाळूच्या रिकाम्या पोत्यावर बसलो. वर शंभर टन वाळू आणि आम्ही दोघं पाव खात होतो. गार होता, पण चांगला होता. शेवटचा तुकडा फडक्यात बांधून ठेवला. उठताना म्हणाला, "हा घरी नेतो. वहिनीला सांगायचंय, आज कुठं बसून जेवलो ते."

जेवायच्या जागेचं वहिनीला काय कौतुक, मला कळलं नाही. शिवाय शेगडी वर होती. खाली सगळ्यात थंडी मधोमधच होती. वरच्या मजल्यावर उबेत बसता आलं असतं. विचारायचं राहून गेलं.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

पोती उतरवायला सुरुवात. मजला हळूहळू वर येतो आहे, दुपारपर्यंत पाव सुताच्या आत आला. नील्सने सगळ्यात आधी त्या फटी मोडल्या, मग दारावरचं गोणपाट काढलं. आता पोती उतरवूनही ओळीत लावतो आहे.

काल संध्याकाळी सिग्नेला सगळं सांगितलं होतं. तीन सूत ऐकून तिने माझ्या डोक्यावर हात फिरवला. मग क्विनलनचं सांगितलं, तो दोर ओलांडून आत कसा बसला, वहिनीचं काय म्हणाला. इथे ती विणायची थांबली. त्याचा भाऊ कसा गेला होता ते तिने मला पुन्हा विचारलं. मी सांगितलं. तिने विणकाम बाजूला ठेवलं.

आज सकाळी निघालो तर डब्याशेजारी लाल बोरांच्या मुरंब्याची बरणी, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. "क्विनलनकडे दे," म्हणाली.

"त्याला गोड चालत नाही. कॉफीतसुद्धा साखर घेत नाही तो."

"त्याला नाहीच ती," सिग्ने म्हणाली, आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं.